सदतिसावा फोटो

मी आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले, आणि त्यातले निदान दोन-तीन हजार असे काढले की ते कधी निघालेच नाहीत. धंद्यात आम्ही त्याला कोरा फ्लॅश म्हणायचो. आता धंद्यातलं कोणी उरलं नाही, मीही अठ्ठ्याहत्तरीला टेकलोय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

रिळाचे दिवस होते. एका रिळात छत्तीस फोटो, हात बसलेला असला तर कधी नशिबानं सदतिसावा. लग्नाला चार रिळं ठरलेली आणि पाहुणे चारशे. नवरीच्या मावससासूच्या जावेला ‘रीळ संपलं’ असं तोंडावर सांगून बघा, पंगतीत तुमच्या पानात जिलबी पडणार नाही. मग आम्ही काय करायचो, तर कॅमेरा डोळ्याला लावायचा, ‘जरा हसा’ म्हणायचं, आणि फ्लॅशच्या पाठीवर चाचणीसाठी एक लाल बटण असायचं ते दाबायचं. लख्ख उजेड पडायचा. मंडळी खूश होऊन बाजूला व्हायची. अल्बममध्ये आपण नाही हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत नवरीला दिवस गेलेले असायचे.

हे पाप मी हसत हसत केलं. एकदाच हसू आलं नाही, आणि ही गोष्ट त्या एका वेळची आहे.

कुरुंदवाडला एस.टी. स्टँडच्या मागं माझा स्टुडिओ होता. तो बंद करून बारा वर्षं झाली, पण निगेटिव्हची पाच कपाटं मी घरात आणून ठेवली होती. २०४३ च्या मार्चात त्या कपाटांना वास यायला लागला. जुनी फिल्म आंबते. तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आक्रसते आणि वरचा थर पापडीसारखा निघून येतो. माझी मुलगी पद्मजा जयसिंगपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिनं पुण्याच्या एका संस्थेकडून स्कॅन करायचं यंत्र दोन महिन्यांसाठी उसनं आणलं. फिल्म त्यातून एकदाच जाणार होती. यंत्र तिला ऊब देऊन सरळ करतं, आणि त्यानंतर तिचा भुगा होतो. संस्थेची एकच अट होती. यंत्र चालवण्याआधी फोटो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे ते ठरवून कळवा, आणि एकदा ठरवलं की बदल नाही. चाखून बघायला तीन सॉफ्टवेअर दिली होती, प्रत्येकात एक-एक लग्न घालून बघायची मुभा होती, फिल्मला हात न लावता, माझ्याकडच्या जुन्या कागदी फोटोंवरून.

पहिल्याचं नाव नीट. ते फोटो निवडायचं, तांदूळ निवडावेत तसं. हललेले, डोळे मिटलेले, एकासारखे एक असलेले काढून टाकायचं आणि उरलेल्यांना ताटात वाढल्यासारखं मांडायचं. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचे एकशे चाळीस फोटो आत घातले, अकरा बाहेर आले. अकराही झकास. पण माझी बायको मालन त्यात कुठंच नव्हती. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो नसतो, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा त्या लग्नातला एकच होता, आणि त्यात तिचे डोळे मिटलेले होते. मालनला जाऊन सहा वर्षं झालीत. मी पद्मजाला म्हटलं, “हे तुझं नीट परत पाठव. जास्तच नीट आहे.”

“अण्णा, कोठी बघून घ्या मग.”

कोठी म्हणजे नुसती कोठी. जसा फोटो तसा ठेवते, वरची धूळसुद्धा पुसत नाही. खाली नाव, गाव, साल आपण हातानं लिहायचं. माझं तोंड बघून पद्मजानंच ते बंद केलं आणि तिसरं उघडलं.

तिसऱ्याचं नाव अखंड.

ते कसं चालतं हे पद्मजानं मला दोन कप चहा संपेपर्यंत समजावलं. उजेड एकदाच पडून गप्प बसत नाही. दिव्यातून निघतो, भिंतीवर आपटतो, तिथून शालूवर, शालूवरून घागरीवर, घागरीवरून माणसाच्या बुबुळावर, आणि सगळीकडं हिंडून शेवटी कॅमेऱ्यात शिरतो. म्हणजे नवरीच्या गालावर जो गुलाबी डाग दिसतो त्यात समोर बसलेल्या मावशीच्या साडीचा रंगही मिसळलेला असतो. आपल्या डोळ्यांना तो वेगळा काढता येत नाही. पण एकाच मांडवाचे, एकाच दुपारचे शंभर-दीडशे फोटो मिळाले, तर उजेड कुठून कुठून उसळत आला हे गणित उलटं सोडवता येतं. सहा वर्षांपूर्वी ते गणित सुटलं. मग कॅमेरा ज्या बाजूला वळलाच नव्हता ती बाजूही दिसायला लागली, आणि दोन फोटोंच्या मधले, कोणीच न टिपलेले क्षणही.

“आणि जिथं उजेड पोचलाच नाही तिथलं?” मी विचारलं.

“तिथं अंदाज करतं.”

“म्हणजे थाप.”

“अंदाज म्हणजे अंदाज, अण्णा. एखाद्याचा चेहरा सापडला नाही तर त्याच्या नात्यातल्यांचे चेहरे बघून जुळवतं. त्यासाठी तुमचे स्टुडिओतले नंतरचे फोटोही मी त्याला जोडून दिलेत.” मग तिनं गैरसोयही सांगितली. “पण यात घातलेले फोटो सुटे राहत नाहीत. सगळ्यांचा मिळून एकच साठा होतो आणि आपण मागू तो क्षण त्यातून बनवून मिळतो. साखर दुधात विरघळली की ती परत काढता येत नाही, तसं.”

चाखून बघायला कोणतं लग्न घालायचं, हे तिनंच सुचवलं. “वैजाक्काचं घालू या. बघू तरी तिचा खराब झालेला फोटो निघतो का.”

मी नको म्हणू शकलो नाही. काय कारण सांगणार होतो?

वैजयंता मगदूम, म्हणजे गावाची वैजाक्का, आता एकाहत्तर वर्षांची आहे. दर संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आमच्याकडं येते आणि दर संक्रांतीला एकच विचारते, “अण्णा, माझा फोटो निघायचं यंत्र आलं काय हो?” तिचं लग्न १९९४ च्या मे महिन्यातलं. बाप लहानपणीच गेलेला. आई सोनाक्का इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे, विणताना मागावर इकडून तिकडं धावतो त्या धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. पोरीचं लग्न तिनं स्वतःच्या कष्टानं उभं केलं, आणि लग्नाच्या दिवशी मात्र ती मांडवात आली नाही. त्या काळी आमच्याकडं विधवा आई मांडवात मिरवत नसे. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं आणि सोनाक्का दिवसभर आचाऱ्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

निघायच्या वेळी वैजयंता गाडीपाशी अडून बसली. “आईबरोबर फोटो काढल्याशिवाय मी जाणार नाही,” असं चारचौघांत म्हणाली आणि स्वतः जाऊन आईला मनगटाला धरून मांडवात घेऊन आली. मांडव गप्प झाला. चुलता डोळे वटारून बघत होता. गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी रीळ पुढं सरकवायची चावी ओढली, ती छत्तीसवर अडकली होती. पिशवीत एक नवं रीळ होतं, पण ते दुसऱ्या दिवशीच्या शिरोळच्या लग्नासाठी राखलेलं. रीळ बदलायला दोन मिनिटं लागली असती. मी लाल बटण दाबलं.

अल्बम न्यायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, “तो एक फोटो खराब झाला, धुताना उजेड लागला.” तिनं अल्बम मिटला. मग म्हणाली, “असू दे. पण निगेटिव्ह टाकू नका. पुढंमागं यंत्र निघेल.” आठ महिन्यांनी सोनाक्का गेली. तिचा दुसरा फोटो नव्हता. काढायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

तर ते लग्न अखंडमध्ये गेलं. आमच्या दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर १९९४ ची दुपार उमटली.

मी खोटं बोलणार नाही, मला ती फार आवडली. मांडवाचं कापड पिवळं-गुलाबी होतं आणि त्यातून गाळून आलेला तीन वाजताचा उजेड सगळ्यांवर सारखा पडला होता. बोट सरकवलं की आपण खांबाच्या पलीकडं जायचो. तिथं मी कधीच न काढलेली माणसं बसलेली होती. कोणी पान जुळवत होतं, कोणी पेंगत होतं. एक म्हातारा डोक्यावरचा फेटा काढून त्याच्याकडं बघत होता, हे आपलं डोकंच आहे का अशा नजरेनं. वारा नव्हता तरी झालर हलत होती. नवरीच्या डोळ्यात वाकून बघितलं तर बारीकसा मी दिसत होतो, एकोणतीस वर्षांचा, भरघोस केसांचा. तीन दुपारी मी त्या मांडवात हिंडत राहिलो. चहा गार व्हायचा, पद्मजा कॉलेजातून परत यायची, आणि मी अजून तिथंच.

“कुठं आहात अण्णा?”

“वरातीत,” मी म्हणायचो.

चौथ्या दिवशी तिनं तो क्षण मागितला. चौथं रीळ, छत्तिसाव्या फोटोनंतरचा. भिंत क्षणभर पांढरी झाली आणि फोटो आला. नवरी उभी होती, डोळे रडून सुजलेले. तिच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बाई, डावा हात नवरीच्या खांद्यावर, चेहरा सरळ माझ्याकडं. काय सुरेख फोटो होता. उजेड, उभं राहणं, सगळं मी काढलं असतं तसंच. बघता बघता मला आठवायला लागलं की मी तो काढला होता. चावी फिरली होती, खटका वाजला होता, निगेटिव्ह धुताना खरंच उजेड लागला होता. एकोणपन्नास वर्षं सांगितलेली थाप मला स्वतःलाच खरी वाटायला लागली, आणि काय सांगू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पद्मजानं फोन केला. वैजाक्का हातातलं काम टाकून आली. चप्पल काढायचीही विसरली.

ती भिंतीच्या अगदी जवळ गेली. मग म्हणाली, “अगं बाई. आई अगदी माझ्यासारखी होती की.”

पद्मजानं फोटो आणखी मोठा केला.

“सगळे मला म्हणायचे, बापाच्या वळणावर गेलीय.” तिनं भिंतीवर हात ठेवला. “अण्णा, एक सांगते, हसू नका. मला तिचा चेहराच आठवत नव्हता. किती वर्षं झाली. आवाज आठवायचा, चालणं आठवायचं, आणि चेहऱ्याच्या जागी काही यायचंच नाही. पोटच्या पोरीला आईचं तोंड आठवत नाही, हे कोणाला सांगायचं?”

पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं लग्न होतं. तिनं तिथंच ठरवून टाकलं. फोटो मोठा करायचा, चांगल्या चौकटीत बसवायचा आणि मांडवात पहिल्या ओळीत खुर्चीवर ठेवायचा. “या वेळी आई मांडवात बसणार. कोण उठवतो बघते,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत, चप्पल घातलेल्याच पायांनी निघून गेली.

ती गेल्यावर मी परत फोटोकडं बघितलं. तिचंच वाक्य कानात राहिलं होतं, अगदी माझ्यासारखी. कपाळावर डावीकडून पडलेला तो उजेड मला ओळखीचा वाटला. दुसऱ्याचा फोटो एक वेळ विसरेन, पण स्वतः लावलेला दिवा मी ओळखतो. मी आतून स्टुडिओतल्या जुन्या फोटोंचा गठ्ठा आणला. २०१७ मध्ये वैजाक्का पंचेचाळीस वर्षांची होती, आणि मुलाच्या लग्नासाठी म्हणून तिनं माझ्या स्टुडिओत एक फोटो काढून घेतला होता. तोच चेहरा. तोच दिवा. नाकाच्या शेंड्यावरची तीच चकाकी.

“पद्मजा, याला कुठून काय मिळालं ते बघता येतं का?”

येत होतं. पुराव्याचा नकाशा म्हणून एक सोय होती, ती आपणहून चालू करावी लागायची. खरोखरीच्या उजेडातून आलेलं ते निळं, अंदाजानं भरलेलं ते केशरी. पद्मजानं कळ दाबली. मांडव निळा झाला. नवरी निळी झाली. तिच्या शेजारची बाई पायापासून डोक्यापर्यंत केशरी. फक्त खांद्यावरच्या डाव्या हाताची चार बोटं निळी होती. चौतिसाव्या फोटोत नवरीपुढं स्टीलची घागर होती. त्या घागरीच्या पोटात दाराशी उभ्या असलेल्या सोनाक्काची चार बोटं उमटली होती, पदर घट्ट धरलेली. सोनाक्काचं खरं म्हणून तेवढंच त्याला सापडलं. बाकीची आई त्यानं लेकीतून बनवली होती.

पद्मजा हुशार आहे. तिनं विचारलं, “पण अण्णा, खराब झालेली का होईना, सदतिसाव्याची निगेटिव्ह असेलच ना? ती कुठाय?”

मी तिला सगळं सांगितलं. ती निगेटिव्हची पाकिटं सरळ करत बसली.

“सांगायलाच हवं का?” ती शेवटी म्हणाली. “बघितलंत ना तिला? तिचं काय नुकसान आहे त्यात? झालाच तर फायदा आहे.”

“ती स्वतःच्याच फोटोला हार घालणार आहे, पद्मजा.”

“तिला माहीत नाही ना पण.”

“मला माहीत आहे ना.”

“मग तुम्हाला मोकळं व्हायचंय म्हणून तिची आई परत काढून घ्यायची?” पद्मजा म्हणाली. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. संस्थेला काय कळवायचं याची मुदत शुक्रवारी संपत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आरामखुर्चीत पडून मी डोळे मिटले आणि खरी सोनाक्का आठवायचा प्रयत्न केला. तिला समोरून, चौकटीत धरून बघितलेला माणूस जगात आता मी एकटाच उरलो होतो. पण येईना. पदर यायचा, मांडव यायचा, आणि पदराखाली वैजाक्काचा पंचेचाळिशीतला चेहरा येऊन बसायचा. मी तो फोटो इतक्या वेळा बघितला होता की त्यानं आतली बाई पुसून टाकली होती. मला खरोखर भीती वाटली. आधी पोरीच्या डोक्यातून गेली, आता माझ्याही.

आमच्या मागच्या गल्लीत एक जुना माग अजून चालतो. हौसेनं चालवतात, शाळांच्या सहली येतात बघायला. दिवसभर त्याचा खटखट आवाज चालू असतो, आम्हाला तो ऐकूही येत नाही. त्या दुपारी मी तसाच डोळे मिटून पडलो होतो, आणि त्या आवाजात काहीतरी बदललं. थोडं पोकळ वाजलं, आणि मग माग थांबला.

त्या शांततेत मला ती दिसली. आणि ती काय म्हणाली होती, तेही ऐकू आलं. इतकी वर्षं मी ते कुठं पुरून ठेवलं होतं कोण जाणे.

मी काठी घेतली आणि वैजाक्काच्या घरी गेलो. ती अंगणात लग्नाचे पापड वाळत घालत होती. मला बघून तिनं खुर्ची आणली. मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलत राहिलो असतो.

“वैजू, तुझा फोटो खराब झाला नव्हता,” मी म्हणालो. “तो निघालाच नव्हता. रीळ संपलं होतं. मी नुसता उजेड पाडला.”

मग पिशवीतल्या रिळाचं सांगितलं, शिरोळच्या लग्नाचं सांगितलं. भिंतीवरची बाई कोण तेही सांगितलं. ती ऐकताना पापड उलटत होती. मग उलटायची थांबली.

“एकोणपन्नास वर्षं तिळगूळ खाल्लात माझा,” ती म्हणाली. “गोड बोला म्हणून देत होते. खोटं बोला म्हणून नव्हे.”

“होय.”

“आणि आता दिलेली आईही परत घेऊन चाललाय.”

“होय.”

ती उठून घरात गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. मी उन्हात उभा राहिलो. पापडांवर एक कावळा येऊन बसला, त्याला मी काठीनं हाकलला. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “गेलात काय?”

“नाही.”

ती दारात आली. डोळे लाल होते. “तुम्ही बघितलं होतं ना तिला? कॅमेऱ्यातनं?”

“बघितलं होतं.”

“मग सांगा. कशी होती?”

मी सांगितलं. चेहरा लांबट होता, तुझ्यासारखा गोल नाही. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. डावी भुवई मधोमध तुटलेली, कधीतरी धोटा उडून लागलेला असणार. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना पदर तोंडाला लावायची. वैजाक्काचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला. “धोटाच,” ती पुटपुटली. “रक्त थांबवायला मी हळद घेऊन पळाले होते. विसरलेच होते मी.”

“अजून आहे,” मी म्हणालो. “तू काजळ पसरलं म्हणून मैत्रिणीकडून तोंड पुसून घेत होतीस. मी चावी ओढत होतो. सोनाक्का माझ्याजवळ उभी होती, हातभर अंतरावर. मला हळूच म्हणाली, ‘कांडी संपली न्हवं रं?’”

वैजाक्का उंबऱ्यावरून पुढं आली.

“मी म्हणालो, ‘नाही, आहे अजून एक.’ तर म्हणाली, ‘सकाळपासनं दारात उभी ऱ्हाऊन तुज्या यंत्राचा आवाज ऐकतीया. कांडी संपली की आवाज बदलतो, बारा वर्सं झाली मागावर मला. असू दे. पोरीला सांगू नगंस. पाड तुजा उजेड.’ आणि तुझ्याशेजारी जाऊन उभी राहिली. पदर तोंडाला लावला नाही. सरळ माझ्याकडं बघून हसली. मी बटण दाबलं.”

वैजाक्काच्या घशातून एक आवाज आला, तो रडण्याचा आहे असं मला वाटलं. ती हसत होती. खांब धरून, पदर तोंडाला लावून हसत होती.

“हे आईच बोलणार,” ती म्हणाली. “दुसरं कोण बोलणार हे. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलं होय?”

“दोघांनी.”

“चोरांनो,” ती म्हणाली, आणि मग मात्र खरंच रडली. मी शेवटी खुर्चीवर बसलो. थोड्या वेळानं ती शांत झाली आणि म्हणाली, “परत सांगा. अगदी पहिल्यापासनं.”

मी परत सांगितलं.

शुक्रवारी आम्ही संस्थेला कोठी कळवलं. भिंतीवरचा तो फोटो वैजाक्कानं येऊन स्वतः पुसला. जाताना घागरीचा चौतिसावा मात्र मागून घेतला. नातीच्या मांडवात पहिल्या ओळीच्या खुर्चीवर तोच होता, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकायला लावून घागरीतली चार बोटं दाखवत होती.

स्कॅन सुरू आहे. फोटो जसे आहेत तसे आत जातात. हललेले जातात, मालनही मिटल्या डोळ्यांनी गेली. मी रोज दुपारी बसून प्रत्येकाखाली नाव, गाव, साल लिहितो. कोठीत एक सोय आहे, चित्र नसलं तरी नोंद करता येते. वैजयंताच्या लग्नाचं चौथं रीळ आलं तेव्हा छत्तिसाव्यानंतर मी एक रिकामी जागा उघडली आणि तिच्याखाली लिहिलं:

सदतिसावा. चित्र नाही, उजेड पडला होता. उजवीकडं नवरी वैजयंता. डावीकडं तिची आई सोनाक्का आकिवाटे. रीळ संपलंय हे तिला माहीत होतं. तरी हसली.